तक्त्यातली शेवटची ओळ

आमच्या रत्नागिरी भागात मणक्याच्या दुखापतींनाही हंगाम असतो. मार्चपासून आंब्याच्या झाडावरून पडलेले येतात, मेच्या शेवटी कौलं चाळताना छपरावरून घसरलेले, आणि पाऊस सुरू झाला की घाटातले दुचाकीवाले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सकाळी दवाखाना आणि दुपारनंतर स्कूटर काढून वाड्यावाड्यांवर. या पेशंटांना मी बहुतेक त्यांच्या घरीच भेटते, कारण कोल्हापूरला नाहीतर मुंबईला ऑपरेशन होऊन माणूस परत आला की त्याला पुन्हा पुन्हा तिकडे नेणं घरच्यांना झेपत नाही.

घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, चालेल ना हा?"

या प्रश्नाला उत्तर असतं. पूर्ण नसलं तरी बरंचसं असतं. ते एमआरआयपेक्षाही जास्त कळतं ते कापसाचा बोळा, एक सेफ्टी पिन आणि हातमोजा एवढ्या सामानावर होणाऱ्या तपासणीतून. आणि नेमकी तीच तपासणी अर्धवट राहिलेली मला वारंवार दिसते. डिस्चार्ज कार्डावर "पॅराप्लेजिया", म्हणजे दोन्ही पाय लुळे, एवढा एकच शब्द आणि खाली "फिजिओथेरपी चालू ठेवा". किती खालपर्यंत कळतंय, कुठला स्नायू किती हलतोय, काही नाही. घरच्यांनी त्या एका शब्दाचा अर्थ "संपलं" असा लावलेला असतो.

दोन वर्षांपूर्वीचा एक मुलगा सांगते. त्याला विचारून लिहितेय, नावगाव मात्र देत नाही. पंचविशीतला, झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन झाडावर चढण्यात तरबेज. फांदी मोडली आणि तो बसल्यासारखा, ढुंगणावर आपटला. कमरेच्या वर, बाराव्या छातीच्या आणि पहिल्या कमरेच्या मणक्यापाशी हाड फुटलं. झाडावरून पडणाऱ्यांचं बहुतेक तिथेच मोडतं, कारण वरचा कणा बरगड्यांनी जखडलेला असतो, खालचा लवचीक असतो, आणि सगळा हिसका त्या सांध्यावर येतो. मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्याशी संपतो आणि तिथून पुढे मुळांचा झुपका खाली उतरतो. त्यामुळे या जागी मार लागला की रज्जूचं टोक आणि मुळं अशी दोन्हींची मिसळ दुखापत होते. मुळं रज्जूपेक्षा थोडी चिवट असतात. म्हणून या पातळीच्या पेशंटची तपासणी अजूनच बारकाईने करायला हवी.

त्याला बागेतून रस्त्यापर्यंत चौघांनी हातपाय धरून आणलं होतं आणि टेम्पोत टाकलं होतं. हे वाचणाऱ्या बागायतदारांना एवढंच सांगते: झाडावरून पडलेल्याला पाय हलवता येत नसतील किंवा पाठ-मान दुखत असेल, तर उचलू नका. १०८ ला फोन करा. हलवावंच लागलं तर डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून, तिघा-चौघांनी मिळून, एकाच वेळी फळीवर घ्या. फळी नसेल तर दार काढा.

ऑपरेशन होऊन, रॉड-स्क्रू घालून साधारण महिन्याने तो घरी आला तेव्हा मी गेले. माजघरात खाटेवर उताणा, पाय बाहेरच्या बाजूला पडलेले, उशाशी लघवीची पिशवी. आई कोपऱ्यात. वडिलांनी तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "काका, मला तासभर द्या, मग बोलते."

अमेरिकन स्पायनल इन्जुरी असोसिएशनचा एक पानाचा तक्ता जगभर वापरतात. आम्ही त्याला एशिया चार्टच म्हणतो. शरीराच्या प्रत्येक बाजूला २८ जागा ठरलेल्या आहेत. प्रत्येक जागी आधी कापसाचा हलका स्पर्श, मग सेफ्टी पिनचं टोक आणि तिचीच बोथट बाजू. पेशंटने डोळे मिटायचे. आधी गालावर लावून दाखवायचं, कारण गाल शाबूत असतो, "असंच लागतंय का?" असं प्रत्येक जागी विचारायचं. गालासारखंच कळलं तर २, कमी किंवा वेगळं कळलं तर १, काहीच नाही तर ०. पिनच्या बाबतीत टोकदार आणि बोथट यातला फरक ओळखता आला नाही, तर स्पर्श कळूनही ०च द्यायचा. जागांना मणक्यांवरून नावं आहेत: सी मानेची, डी छातीची, एल कमरेची, एस त्याखालची. स्तनाग्रांची रेषा म्हणजे डी ४, बेंबी म्हणजे डी १०, जांघ म्हणजे डी १२, घोट्याची आतली बाजू एल ४, टाचेची बाहेरची बाजू एस १.

मग स्नायू. हाताचे पाच, पायाचे पाच, दोन्ही बाजूंनी. प्रत्येकाला ० ते ५ गुण, सगळे मिळून १००. पायात वरून खाली उतरायचं: मांडी पोटाकडे उचलणं, गुडघा सरळ करणं, पाऊल वर ओढणं, अंगठा वर उचलणं, पाऊल खाली दाबणं. स्नायू नुसता फुरफुरला तरी १. पायाचं वजन आपण पेललं आणि त्याला पूर्ण हलवता आलं तर २. वजनाविरुद्ध स्वतः उचलला तर ३. सगळं उताण्या स्थितीत तपासतात, म्हणजे पहिल्या दिवसाची आणि वर्षानंतरची नोंद शेजारी ठेवून वाचता येते. माझं बोट स्नायूवर असतं, डोळे पेशंटच्या चेहऱ्यावर नसतात. कारण माणूस जीव तोडून प्रयत्न करत असतो, खांदे आवळतो, श्वास कोंडतो, खाट हलते, आणि घरच्यांना वाटतं पाय हलला.

त्याचं असं निघालं. डी १२ आणि एल १ दोन्हीकडे २. मांडीच्या मधोमध, एल २ला, अंधुक. त्याखाली गुडघा, घोटा, टाच सगळं ०. स्नायूंमध्ये मांडी उचलणं उजवीकडे २, डावीकडे १. बाकी आठही शून्य.

इथे बरेच जण थांबतात. पायात काही नाही, मग अजून काय तपासायचं? पण तक्त्याची शेवटची ओळ एस ४-५ ची असते, म्हणजे गुदद्वाराभोवतालची त्वचा. रज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाचं हे क्षेत्र. इथे स्पर्श किंवा टोचणं कळलं, किंवा गुदद्वारात बोट घालून दाब दिल्यावर तो जाणवला, किंवा पेशंटला तिथला स्नायू स्वतः आवळता आला, यातलं एक जरी असलं तरी दुखापत अपूर्ण. म्हणजे जखमेच्या पलीकडे काही तारा शाबूत आहेत. यातलं काहीच नसेल तरच ती पूर्ण. पाय दोन्ही निर्जीव असले तरी दुखापत अपूर्ण असू शकते, आणि हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

लाजेपायी हा भाग राहतो. पेशंट पुरुष, मी बाई, घरात आईवडील, दाराशी शेजारी. मी आधी सगळ्यांना बाहेर पाठवते, पेशंटला काय करणार आणि का करणार ते सांगते, त्याचा होकार घेते. बोटाने करायची तपासणी गावातल्या डॉक्टरांना बोलावून करून घेते आणि शेजारी उभी राहून नोंद घेते. डॉक्टर कधी कंटाळत नाहीत, कारण दहा मिनिटांचं काम आहे.

त्या मुलाला उजव्या बाजूला पिनचं टोक आणि बोथट बाजू वेगळी ओळखता आली. गालासारखं तीक्ष्ण नाही, पण "हे टोचलं, हे नाही टोचलं" असं तो बरोबर सांगत होता. मी क्रम बदलून पुन्हा केलं. पुन्हा बरोबर. आत दाबही कळला. आवळता मात्र येत नव्हतं.

म्हणजे श्रेणी ए, पूर्ण दुखापतीची, नव्हे; बी, म्हणजे शेवटच्या ओळीत कळतंय, पण बरंच खालचे स्नायू हलत नाहीत. शेवटच्या ओळीत टोचणं शाबूत असलेल्यांत पुढे पायात ताकद येण्याची शक्यता नुसता स्पर्श कळणाऱ्यांपेक्षा जास्त असते. मी काकांना सांगितलं ते असं: दुखापत पूर्ण नाही. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसते, नंतर वर्ष-दीड वर्ष हळूहळू. मांडीचा पुढचा स्नायू परत आला तर घरातल्या घरात चालणं जमेल. नाही आला तर व्हीलचेअरवरून सगळं आयुष्य जगायची तयारी करायची. दोन्हीसाठी पहिल्या दिवसापासून करायचं काम एकच आहे.

हे काम कुठून सुरू होतं ते घरच्यांना पटवणं सगळ्यात अवघड. त्यांना पाय हलवून हवे असतात. तासभर तेल लावून मालिश, "करंट" लावणारं मशीन, उकळत्या पाण्याचा शेक. मालिशने नुकसान नाही, पण त्या तासात पेशंट नुसता पडून असतो आणि त्याचे हात, ज्यांच्यावर पुढे सगळा भार येणार, ते सुकत जातात. शेक तर मी घरात पाऊल टाकताच बंद करायला लावते. ज्या कातडीला चटका कळत नाही तिला मिठाची पुरचुंडी भाजून काढते आणि घरच्यांना कळतं ते फोड आल्यावर. तापलेल्या चिऱ्याच्या पायरीवर टेकलेली टाच, दुचाकीच्या सायलेन्सरला लागलेली पोटरी, असलेच सगळे प्रकार. आणि लाखो रुपये घेऊन स्टेम सेलची इंजेक्शनं देणाऱ्यांच्या नादी लागू नका. मणक्याच्या दुखापतीला हा मान्य उपचार नाही. २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो पैसे घेऊन देताच येत नाही. शेतजमीन गहाण टाकलेली घरं मी पाहिली आहेत.

सुरुवात कातडीपासून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मज्जारज्जूची दुखापत झालेले बहुतेक लोक झोपून झालेल्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने मरत. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमान यांनी जखमी सैनिकांना रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, कातडी आणि मूत्राशय सांभाळलं, आणि माणसं जगू लागली. जगलेल्या माणसाला कामधंदा आणि खेळ हवा म्हणून २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. त्याच पॅरालिंपिकमध्ये, १९७२ला हायडेलबर्गला, आपल्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले होते. हे मी प्रत्येक तरुण पेशंटला सांगते, आणि तो प्रत्येक वेळी विचारतो, "पोहायला पाय लागत नाहीत?" हात लागतात, दंड लागतात, आणि ते आपण कमवायचे.

तर त्या घरात आम्ही घड्याळ लावलं. दर दोन तासांनी कूस. दिवसातून दोनदा पालथं, म्हणजे माकडहाडावरचा दाबही जातो आणि खुब्यातले स्नायू आखडत नाहीत. सकाळ-संध्याकाळ हातआरशाने माकडहाड, बसायची हाडं, खुबे, टाचा बघायच्या. लाली दिसली आणि बोटाने दाबून जात नसेल, तर ती बरी होईपर्यंत त्या भागावर भार नाही. खुर्चीत बसायला लागल्यावर दर अर्ध्या तासाने पुढे वाकून दोनेक मिनिटं बूड हलकं करायचं. हातांवर जोर देऊन उचलण्यापेक्षा वाकणं बरं, कारण खांदे आयुष्यभर पुरवायचे आहेत.

लघवीची पिशवी काढणं हा मोठा टप्पा. १९७२ साली अमेरिकेत डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की घरी, साबणाने हात धुऊन, साध्या स्वच्छ नळीने दिवसातून ठरावीक वेळा लघवी काढली तर ते कायमच्या कॅथेटरपेक्षा सुरक्षित आहे. दर चार ते सहा तासांनी, एका वेळी पाचशे मिलिलिटरच्या आत राहील अशा बेताने पाणी प्यायचं. यूरोलॉजिस्टकडून शिकून आल्यावर पहिले काही दिवस आईने केलं. मग मी तिला खोलीबाहेर पाठवलं आणि त्याला म्हटलं, "आता तू स्वतः." पंचविशीतल्या मुलाची नळी आईने घालावी हे दोघांनाही सोसत नव्हतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. ज्या दिवशी त्याला जमलं त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्याशी मान वर करून बोलला. पोट साफ करायचीही वेळ बांधली: सकाळच्या चहानंतर, रोज तीच.

घराला आणखी एक काम होतं. जुनं कोकणी घर, जोतं अडीच फूट, पुढे पडवी, प्रत्येक दाराला उंबरा, संडास मागे आवारात. खुर्ची चढवायचा उतार एक फूट उंचीला बारा फूट लांब हवा, म्हणजे तीस फूट. खळं तेवढं लांब नव्हतं. गवंड्याने तो पडवीच्या कडेने वळवून घेतला, मध्ये सपाट जागा सोडली. उंबरे काढायला आजीचा विरोध होता. शेवटी एकच, देवघराचा, ठेवला. न्हाणीचं दार चौकटीसकट काढून पडदा लावला. सुताराने फळी रंधून गुळगुळीत करून दिली, तिच्यावरून खाटेवरून खुर्चीत सरकायचं. खाटेची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी केली. पावसाळ्यात उतारावर शेवाळ धरतं, तेव्हा ब्लीचिंग पावडर टाकून घासायचं काम त्याच्या वहिनीने घेतलं.

इथे जरा वेगळं सांगते. खुब्यातले स्नायू आखडू द्यायचे नसतात, पण मानेच्या दुखापतीत बोटांच्या बाबतीत नेमकं उलटं असतं. घाटात ट्रक उलटून सी ६ पातळीला मार लागलेला एक ड्रायव्हर माझ्याकडे होता. त्याची बायको रोज मनोभावे त्याची बोटं सरळ ताणायची. सी ६ला मनगट वर उचलता येतं, बोटं वळवता येत नाहीत. पण बोटांचे स्नायू थोडे आखूड राहू दिले तर मनगट वर केलं की बोटं आपोआप मिटतात आणि पेला धरता येतो, घास उचलता येतो. मनगट वर असताना बोटं सरळ ताणत गेलं तर ही पकड कायमची जाते. तिला मी मनगट खाली सोडून मगच बोटं उघडायला शिकवलं. अशा वरच्या पातळीच्या, म्हणजे डी ६ आणि त्यावरच्या पेशंटचं डोकं अचानक ठणकायला लागलं आणि तोंडावर घाम फुटला, तर आधी त्याला बसतं करा, कपडे सैल करा आणि कॅथेटर तुंबलंय का ते बघा. रक्तदाब धोकादायक चढलेला असतो. डोकेदुखीची गोळी देऊन झोपवू नका.

परत त्या मुलाकडे. तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीत उजवा गुडघा माझ्या बोटाखाली फुरफुरला. त्यानंतरच्या तपासणीत उजवा अंगठा. तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हता, पण तक्त्यात एल ५ला १ लिहिता आलं आणि श्रेणी बीची सी झाली, कारण पातळीच्या, म्हणजे जिथपर्यंत सगळं शाबूत आहे त्या ओळीच्या, तीनपेक्षा जास्त पायऱ्या खाली स्नायू जागा झाला होता. मी ते पान काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आकडे वाचले, दोन्ही पानं शेजारी धरून. "चालेल का" हे विचारणं त्या दिवसापासून त्यांनी थांबवलं, आता विचारतात, "या वेळी कितीवर आलंय?"

एकदा आई पाणी आणायला गेली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "मॅडम, लग्न?" हा प्रश्न प्रत्येक तरुण पेशंटच्या मनात असतो आणि आपल्याकडे कुणी त्याला उत्तर देत नाही. मी दिलं. शरीरसंबंध आणि मूल, दोन्हींसाठी वैद्यकीय मदत मिळते, पुष्कळांना मुलं झाली आहेत, आणि यासाठी कुणाकडे जायचं तेही सांगितलं. हे सांगणं माझ्या कामाचाच भाग आहे असं मी मानते.

आज तो उजव्या मांडीच्या तीन गुणांवर, डाव्या पायाला लांब कॅलिपर लावून, कोपराच्या कुबड्यांवर घरातून पडवीपर्यंत चालतो. बाहेर खुर्ची. कॅलिपरने लांब चालण्यात इतका दम जातो की दिवसभराच्या कामाला ताकद उरत नाही, म्हणून खुर्ची वापरणं यात कमीपणा नाही हे मी घरच्यांना अजूनही बजावते. हंगामात तो खुर्चीतून आंब्यांची प्रतवारी करतो, पेट्या भरतो, मुंबईच्या गिऱ्हाइकांचे फोन घेतो. शेजारच्या वाडीत यंदा छपरावरून पडलेल्या एकाला नळी घालायला त्यानेच शिकवलं. माझ्यापेक्षा बरं शिकवलं.

तुमच्या घरात किंवा गावात असं कुणी असेल तर इस्पितळातून निघताना डॉक्टरांना एवढं विचारा: पातळी कुठली, श्रेणी कुठली, आणि शेवटची ओळ तपासली का. तक्त्याची झेरॉक्स मागून घ्या, ती फाइलमध्ये एक्स-रेच्या वर ठेवा. पहिल्या दिवसांत रज्जूला धक्का बसलेला असतो, सगळंच बंद दिसतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी भरलेला तक्ता पुरेसा नाही. तीनेक दिवसांनंतरचा आणि घरी सोडतानाचा हवा. पुढे जो कुणी फिजिओ येईल त्याला तो कागद दाखवा आणि त्याच्याकडून दर काही महिन्यांनी नवा भरून घ्या.

आमचा पुढचा तक्ता दिवाळीनंतर. डावी मांडी दोनवर अडकून बसली आहे. ती तीनवर आली की त्या पायाचं लांब कॅलिपर उतरवून घोट्यापुरतं करता येईल, आणि त्याचं सगळं लक्ष तिकडेच लागलंय. माझं लक्ष सध्या त्याच्या उजव्या टाचेवर आहे. गेल्या आठवड्यात बुटाच्या कडेने लाली आली आहे आणि ती जाईपर्यंत मी त्याला उभं राहायला बंदी केली आहे. तो रागावलाय. उद्या जाऊन बघते.